परकोटावरून दिसणारं चंद्रपूर

युरोपातली जुनी शहरं पाहायला निघालेल्याला जाणते प्रवासी हमखास एक गोष्ट सांगतात: गाडी बाहेर ठेवा, वेशीतून आत जा आणि जमलं तर आधी तटावर चढा. क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकचा जवळजवळ दोन किलोमीटरचा तट तिकीट काढून फिरता येतो. इंग्लंडमधल्या यॉर्कच्या तटावर मात्र तिकीट नाही. वर चढलं की गाव कसं वसलं, नदी कुठून गेली, बाजार कुठे भरायचा, हे चालता चालता उलगडतं. दगडी परकोटाचं तसं शहर आपल्या विदर्भातही आहे. पण चंद्रपूरला त्या तटावर चढून फिरण्याची सवय लागायला 2017 साल उजाडावं लागलं.

हा परकोट गोंड राजांचा. खांडक्या बल्लाळशहाने बल्लारपूरहून राजधानी इथे आणली आणि झरपट व इरई नद्यांच्या सान्निध्यात शहर वसवलं, असं परंपरा सांगते. सुमारे 11 किलोमीटरचा हा कोट पुरा व्हायला राजांच्या काही पिढ्या गेल्या. त्याला चार दरवाजे: जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. शिवाय पाच खिडक्या: बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसाण. पुढे भोसल्यांचा अंमल आला, 1818च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा लावून शहर घेतलं, आणि तटाचं लढाईतलं काम संपलं.

काम संपलेल्या तटांचं नशीब युरोपातही फारसं बरं नव्हतं. व्हिएन्नाचा तट पाडण्याचा हुकूम सम्राट फ्रान्झ जोसेफने 1857 मध्ये काढला आणि त्या जागी रुंद रस्ता झाला. फ्रान्समधल्या कारकासोनवरही अशीच वेळ आली होती. तिथल्या लोकांनी विरोध केला, हुकूम मागे घेतला गेला आणि 1853 पासून डागडुजी सुरू झाली. चंद्रपूरचा कोट कोणी हुकूम काढून पाडला नाही. त्याला झाडोरा, कचरा आणि अतिक्रमण यांनी वेढलं. बुरुजांवर झुडपं माजली, पिंपळाची मुळं सांध्यांत शिरून दगड सुटे करू लागली. जटपुरा दरवाजातून रोज हजारो लोक जात असत, पण मान वर करून पाहणारे थोडेच.

1 मार्च 2017 रोजी बंडू धोतरे यांच्या ‘इको-प्रो’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी कोयते, कुऱ्हाडी, फावडी घेऊन तटाच्या सफाईला सुरुवात केली. चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे पारा 45 अंशांपार, म्हणून काम सकाळचं. एखाद्या रविवारी फोटोपुरतं राबून विसरून जाण्याचा हा प्रकार नव्हता. शेकडो दिवस श्रमदान चाललं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये या मोहिमेचा उल्लेख केला, आणि एरवी कोळशासाठी व वाघांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातला किल्ला देशभर माहीत झाला. पुढे मोकळ्या झालेल्या तटावर ‘हेरिटेज वॉक’ सुरू झाला. ही खरी कमाई. कारण नुसता साफ केलेला तट दोन पावसाळ्यांत पुन्हा झाडोऱ्यात जातो; माणसं पायाखाली घालतात तो टिकतो.

तिथे पाहायचं काय? दरवाजांवरचं शिल्प तरी चुकवू नये. हत्तीवर मात करणारा सिंह, हे गोंड राजांचं चिन्ह, वेशीवर दगडात कोरलेलं आहे. जटपुऱ्याला रहदारी फार. ते निवांत पाहायचं तर सूर्य उगवायच्या सुमारास जावं. मग तटावरून चालत आतली घरं आणि बाहेरची वस्ती एकाच नजरेत घ्यावी. अंचलेश्वर मंदिराजवळची गोंड राजांची समाधिस्थळं शेवटी ठेवावीत. राणी हिराईने पती बीरशहासाठी बांधलेली समाधी त्यांतच आहे आणि तिच्यासाठी सवड हवी. महाकालीची चैत्रातली यात्रा भरते तेव्हा मराठवाड्यातून भाविकांची रीघ लागते. गर्दी नको असेल त्याने ते दिवस टाळावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात बरा.

जिल्ह्यातल्याच गडचांदूरकडून चंद्रपूरला येणाऱ्याला आणखी एक सोय आहे. राजुऱ्यावरून येताना वर्धा नदी ओलांडली की वाटेतच बल्लारपूरचा किल्ला लागतो, म्हणजे आधी जुनी राजधानी, मग नवी. दिवस हाताशी असेल तर सुरुवात गडचांदूरजवळच्याच माणिकगडापासून करावी. सिमेंट कारखान्यांच्या धुराड्यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या या गावाहून जिवतीकडे निघालं की जंगलात दडलेला हा डोंगरातला किल्ला लागतो. तो गोंडांच्याही आधीचा मानतात. दरवाजावर नागाचं शिल्प आहे. पावसाळ्यानंतर गवत माजलेलं असतं, त्यामुळे हिवाळ्यात जावं, पाणी सोबत घ्यावं, माहितगार माणूस बरोबर असावा आणि ऊन उतरायच्या आत खाली यावं. झुडपांनी धरलेली तटबंदी तिथे आजही दिसते, चंद्रपूरची 2017 च्या आधी दिसायची तशीच.