रूम बदलताय? आधी गल्लीतला नेटवाला शोधा

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आपण छाती फुगवून सांगतो. पण नव्या रूमवर सामान टाकलं, पहिल्याच रात्री एका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चौघांची कामं आली, की जर्मनी आठवत नाही. आठवतो तो जुन्या रूमचा वायफाय!

जून-जुलै म्हणजे आपल्याकडे रूम शोधायचा सिझन. जिंतूर, सेलू, गंगाखेड, पालमची मुलं-मुली वसमत रोड, जिंतूर रोड, कृषी विद्यापीठाच्या आसपास 'रूम भाड्याने देणे आहे'च्या पाट्या वाचत फिरतात. भाडं, पाणी, मेस, लाइट बिल सगळं विचारून होतं. नेटचं मात्र 'बघू नंतर'. नेमके हेच दिवस कॅप राउंडचे, स्कॉलरशिपचे, ऑनलाइन इंटरव्ह्यूचे. शेवटच्या तारखेला रात्री फॉर्म सबमिट होता होता स्क्रीनवर गोल चक्र फिरत राहिलं तर वर्ष हातातून जाऊ शकतं. म्हणून हा विषय 'नंतर'चा नाही.

मग आपण मित्राला विचारतो, 'कोणत्या कंपनीचं नेट भारी?' इथंच गाडी चुकते. विचारायचं असतं ते हे : या घरापर्यंत कोणाची वायर येते, आणि ती तुटली तर दुरुस्तीला कोण येतं?

कंपनी नाही, गल्ली बघा

आपल्यासारख्या शहरांत मोठ्या कंपनीचं कनेक्शनही अनेकदा स्थानिक केबलवाल्यामार्फत मिळतं. बीएसएनएलची फायबर सेवासुद्धा बऱ्याच ठिकाणी स्थानिक भागीदार देतात. त्यामुळे एकच कंपनी एका गल्लीत झकास आणि दोन गल्ल्या सोडून रडकी असू शकते. वेबसाइटवर 'परभणीत उपलब्ध' दिसलं म्हणजे तुमच्या घराजवळच्या डब्यात जागा शिल्लक आहे, असं नाही.

उपाय सोपा आहे. वरच्या मजल्यावरच्या किंवा समोरच्या भाडेकरूंना विचारा. रात्री ९ ते ११ मध्ये नेट कसं चालतं? मागच्या पावसाळ्यात वायर तुटली तेव्हा किती दिवस बंद होतं? जमलं तर त्याच वेळी त्यांच्या वायफायवर स्पीड टेस्ट मारा. डाउनलोडसोबत अपलोडही बघा, कारण व्हिडिओ इंटरव्ह्यूत तुमचा चेहरा समोरच्यापर्यंत पोचतो तो अपलोडवर.

दुरुस्तीचं एवढं का? फायबर म्हणजे केसासारखी काचेची तार. साध्या वायरीसारखी पिळून, टेप मारून ती जोडता येत नाही. त्यासाठी स्प्लाइसिंग मशिन आणि ते चालवणारा माणूस लागतो. तो माणूस शहरातच असेल तर काम संध्याकाळपर्यंत होतं, नसेल तर वाट बघा.

स्पीडचा हिशेब

१०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबी नव्हे. आठ बिट्सचा एक बाइट होतो, त्यामुळे प्रत्यक्षात सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी. घाबरू नका, तेवढं भरपूर आहे. एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस पुरतात. चौघांनी एकाच वेळी लेक्चर लावलं तरी २०. म्हणजे ५०चा नीट चालणारा प्लॅन हा अडखळणाऱ्या ३००पेक्षा चांगला.

पैसे अडकवू नका

समजा प्लॅन ६९९चा आहे. १८ टक्के जीएसटी धरून महिन्याला जवळपास ८२५ रुपये, चौघांत प्रत्येकी दोनशेच्या वर थोडेसे. आता ऑफर येते : 'सहा महिन्यांचे एकदम भरा, इन्स्टॉलेशन फ्री.' म्हणजे सुमारे ४,९५० रुपये आधीच गेले. मालकानं तिसऱ्या महिन्यात रूम रिकामी करायला सांगितली तर? मोबाइल नंबरसारखं घरचं ब्रॉडबँड पोर्ट होत नाही. नव्या पत्त्यावर त्याच कंपनीची वायर असेल तरच शिफ्टिंग. म्हणून पहिला महिना मासिक प्लॅनच घ्या. एक पावसाळी आठवडा नीट गेला, तर पुढचं बघू.

राउटरचं डिपॉझिट परत मिळणार का, हे पावतीवर लिहून घ्या. कनेक्शन ज्याच्या नावावर, कागदोपत्री जबाबदारी त्याची. तेव्हा नाव कोणाचं आणि रूम सोडताना राउटर कोण परत करणार, हे चौघांत आधीच ठरवा. भिंतीला भोक पाडण्याआधी घरमालक काकांची परवानगी घ्या, नाहीतर नेट येईल आणि रूम जाईल!

लाइट गेली तर?

ऑपरेटरच्या केंद्रापासून घरापर्यंत मधल्या फायबरच्या डब्यांना सहसा वीज लागत नाही. लाइट गेल्यावर बंद पडतं ते तुमचं राउटर. ते बहुतेक वेळा १२ व्होल्टवर चालतं, त्यामुळे छोटा राउटर यूपीएस लावला आणि ऑपरेटरकडेही बॅकअप असला, तर फॉर्म अर्ध्यात अडकत नाही.

आणखी एक. राउटरवर 'एलओएस' लिहिलेला लाल दिवा लुकलुकला, तर तुमच्यापर्यंत सिग्नलच येत नाही. फोन करून 'नेट स्लो आहे' म्हणू नका, 'एलओएस लाल आहे' म्हणा. तक्रार नंबर मागून लिहून ठेवा. कस्टमर केअरनं दाद दिली नाही, तर त्याच नंबरवर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्रायच्या नियमांनी ही सोय ग्राहकाला दिलेली आहे.

तर उद्या रूम बघायला जाल तेव्हा नळ सोडून पाणी बघा, पंखा लावून बघा, आणि टोकनचे पैसे देण्याआधी वरच्या मजल्याची बेल वाजवून विचारा, 'दादा, तुमचं नेट कोणाचं? आणि बंद पडल्यावर फोन कोणाला लावता?' तो फोन नंबर त्यांना तोंडपाठ असेल, तर एकदा विचार करा. नेट वारंवार बंद पडत असल्याशिवाय कोणी असा नंबर पाठ करत नाही.