अक्वाचे चार सूर

अक्वा हा दोन अक्षरांचा शब्द आहे. नायजेरियाच्या आग्नेय भागात, अनाम्ब्रा, एनुगू, इमो, अबिया आणि एबोन्यी या राज्यांत, इग्बो भाषा बोलतात. त्या भाषेत या दोन अक्षरांतून चार वेगवेगळे शब्द निघतात. दोन्ही अक्षरं वरच्या सुरात म्हटली की अर्थ होतो रडणं. पहिलं वर आणि दुसरं खाली, की कापड. पहिलं खाली आणि दुसरं वर, की अंडं. दोन्ही खाली, की पूल, आणि खाटसुद्धा. दोन अक्षरं आणि दोन सूर यांच्या जेवढ्या जोड्या होऊ शकतात, तेवढ्या साऱ्या या शब्दानं वापरल्या आहेत.

इग्बो मुलांना हे धन लहानपणीच सापडतं. कापड विकणारी बाई पुलावर बसून, अंडं फुटलं म्हणून रडते आहे, अशी वाक्यं ती रचतात आणि एकमेकांना भरभर म्हणायला लावतात. ज्याचा सूर घसरेल त्याची बाई अंडं नेसते, कापड फोडते, पूल रडते. मग बाकीच्यांचा जो काही हशा होतो!

हा खेळ मी ऐकला तो एनुगूत, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. तेव्हा नायजेरियात तेलाचा पैसा वाहत होता आणि आपल्याकडून शिक्षक, डॉक्टर, इंजिनियर तिकडे जात होते. माझ्या यजमानांना तिथे नोकरी मिळाली आणि मी तानपुरा बरोबर घेऊन गेले. मिरजेला किराणा घराण्याच्या गायकीत मी वाढले. त्या गायकीत एकेका स्वराजवळ थांबायला शिकवतात, त्यामुळे कोणतीही भाषा कानावर पडली की आधी मला तिचे चढउतार ऐकू येतात, अर्थ मागून येतो. ओग्बेते बाजारात कापडाच्या रांगेतून चालताना बायकांची घासाघीस कानावर पडायची आणि वाटायचं, ह्या गाताहेत. प्रत्यक्षात त्या भाव करत होत्या. आपण बोलताना रागानं, लाडानं, प्रश्न विचारताना सूर वरखाली करतो. इग्बोत सूर हा शब्दाच्या हाडामांसात असतो. तो बदलला की वस्तूच बदलते.

इथे गाणाऱ्या माणसाला वाटेल की वरचा सूर म्हणजे पंचम असेल आणि खालचा म्हणजे षड्ज. तसं नाही. सूर नेमलेले नसतात, ते शेजारच्या अक्षराच्या मानानं वर किंवा खाली असतात. म्हणून जाड आवाजाच्या आजोबांचं अंडं आणि तीन वर्षांच्या नातीचं अंडं दोन्ही अंडंच राहतं. शिवाय आणखी एक गंमत आहे. कधीकधी एखादा वरचा सूर आधीच्या वरच्या सुरापेक्षा जरासा उतरून लागतो, आणि मग पुढच्या सगळ्या वरच्या सुरांची कमाल मर्यादा तीच होते. गाता गाता षड्जच पायरी पायरीनं खाली यावा, तसं ते वाक्य चालतं. इतक्या बारीक उतरणीवर अर्थ तोलून धरणारी माणसं मी रोज ऐकत होते. मला त्यांच्याबद्दल तेव्हा वाटलेला आदर अजून तसाच आहे.

असं काही आपल्या देशात नाही असंही नाही. पंजाबीत घोडा लिहितात ‘घ’ घालून, पण बोलताना ऐकू येतो खालच्या सुरातला ‘क’. आणि चाबूक या अर्थाच्या कोडा शब्दापासून तो सुरानंच वेगळा होतो. मिझो आणि बोडो भाषांतही सूर अर्थ ठरवतो. मराठीत मात्र हे नाही, त्यामुळे आपली शब्दांशी खेळण्याची रीत वेगळी पडली. आपला श्लेष एकाच आवाजावर उभा असतो. गळ्यात हार पडला आणि निवडणुकीत हार झाली, यातल्या दोन्ही हारांचा उच्चार एकच. मोरोपंतांची यमकं घ्या किंवा पुलंच्या कोट्या घ्या, आवाज तोच राहतो आणि अर्थ उडी मारतो. इग्बोतला खेळ नेमका उलटा आहे. त्यांच्या कानाला अक्वा आणि अक्वा हा एकच शब्द वाटतच नाही. आपल्याला चूल आणि चूळ जितके निराळे वाटतात तितके ते त्यांना निराळे वाटतात. तिथे मजा येते ती दोन शब्द अगदी कडेला कडा लावून ठेवण्यात आणि तरीही त्यांना एकमेकांत मिसळू न देण्यात. ऐकणाऱ्यानं फरक पकडला पाहिजे, नाहीतर खेळच होत नाही.

संध्याकाळी मुलं जमली की एक जण ‘ग्वाम ग्वाम ग्वाम’ म्हणायचा. म्हणजे ‘मला सांग, मला सांग, मला सांग’. कोडं येणार, ही त्याची वर्दी. कोड्यांबरोबर हे सुरांचे सापळेही यायचे. एग्वू म्हणजे नाच, आणि सूर बदलला की एग्वू म्हणजे भीती. एझी म्हणजे चांगला, खरा. सूर बदलला की डुक्कर. इसी म्हणजे डोकं, वास आणि आंधळेपणा, तिन्ही. अझूबुईके हे मुलाचं नाव तिथे सर्रास आढळतं. इग्बो नावं बहुधा पूर्ण वाक्यंच असतात. या नावाचा अर्थ ‘पाठीशी असलेली माणसं हेच बळ’. पण त्यातला पाठ या अर्थाचा अझू सूर बदलून मासा होतो, आणि बळ या अर्थाचा ईके सूर बदलून ढुंगण होतो. त्या नावाच्या मुलाला शाळेत काय काय ऐकावं लागत असेल, हे आपल्याकडच्या कुठल्याही शाळेत गेलेल्या माणसाला सांगायला नको.

मोठ्या माणसांचा खेळ अधिक धारदार असतो. इग्बो घरात पाहुणा आला की कोलाची बी पुढे येते. ती फोडण्याआधी घरातला वडीलधारा प्रार्थना म्हणतो, आणि ती इग्बोतच म्हणतात. कोलाला इंग्रजी कळत नाही, असं तिथले लोक सांगतात. या प्रार्थनेत ‘एग्बे बेरे, उगो बेरे’ हे शब्द हमखास येतात: घारही बसो, गरुडही बसो, ज्याला त्याला जागा मिळो. शेजारच्या घरी एकदा अशाच बैठकीत एका वयस्क गृहस्थांनी एग्बेचं दुसरं अक्षर किंचित खाली टाकलं. घारीची बंदूक झाली. बंदूकही आता बसू दे, असा अर्थ झाला. नायजेरियातून फुटून निघण्यासाठीचं बियाफ्राचं युद्ध १९६७ ते १९७० असं चाललं होतं, आणि त्या खोलीतल्या बहुतेक पुरुषांनी ते पाहिलेलं होतं. सगळे जोरात हसले आणि दोघातिघांनी तेच शब्द त्याच सुरात परत म्हटले. एका श्रुतीएवढ्या उतारात इतकं बोलता येतं, हे मी कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकातून शिकले नसते.

सुराइतकेच वर्णमालेतले स्वरही फसवतात. इग्बोत आठ स्वर आहेत, चार-चारचे दोन गट. साध्या शब्दात साधारणपणे एकाच गटातले स्वर येतात, सरमिसळ चालत नाही. त्यामुळे एक स्वर बदलला की दुसराही बदलतो. उदो म्हणजे शांतता. तेच दोन स्वर जरा सैल, उघडे केले की उदॉ होतं, म्हणजे दोर. (अंबाबाईच्या गोंधळात वाढलेल्या मला शांततेसाठी हा शब्द ऐकून फार बरं वाटायचं.) उघडे स्वर लिहिताना रोमन अक्षराखाली एक टिंब देतात. ही पद्धत १९६१ साली डॉ. ओन्वू यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं पक्की केली. तीत छत्तीस अक्षरं आहेत. त्याआधी कुठली अक्षरं वापरायची यावर मिशनऱ्यांत आणि विद्वानांत कित्येक वर्षं वाद चालला होता.

टिंबं तरी ठरली. सुरांच्या खुणा मात्र रोजच्या लिखाणात कोणी देत नाही. त्यामुळे छापील पानावर अक्वा हा नुसता अक्वा असतो आणि संदर्भावरून वाचणाऱ्यानं सूर लावून घ्यायचा असतो. म्हणजे जिभेवर जे चार शब्द स्वच्छ वेगळे आहेत ते कागदावर खराखुरा श्लेष होऊन बसतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपली कोटी कागदावर उतरली तरी तशीच राहते. इग्बोतल्या या खेळाचा कागदावर नुसता गोंधळ होतो, कारण तिथे ज्या फरकाची मजा होती तो फरकच पुसला जातो.

बाहेरून आलेल्यांनी हा फरक ऐकला नाही की काय होतं, याची नोंद चिनुआ आचेबेंनी करून ठेवली आहे. ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या त्यांच्या १९५८ च्या कादंबरीत गोऱ्या धर्मोपदेशकाचा दुभाषा इग्बोच असतो, पण दुसऱ्या बोलीचा. तो ‘मी स्वतः’ म्हणायला जातो आणि गावकऱ्यांना ऐकू येतं ‘माझं ढुंगण’. लोक हसत सुटतात. हा प्रसंग वाचून परदेशी वाचकही हसतो, पण बोलींमधलं अंतर केवढं आहे हे एनुगूत राहणाऱ्याला जास्त जाणवतं. तिथल्या लोकांना इतर इग्बो ‘वावा’ म्हणतात, कारण ‘नाही’साठी त्यांचा हा शब्दच वेगळा आहे.

माझं लक्ष मात्र चर्चमधल्या गाण्यांकडे जास्त जायचं. ओनित्शाला मिशन आलं १८५७ मध्ये. मिशनऱ्यांनी इंग्रजी स्तोत्रांचे शब्द इग्बोत आणले आणि चाली त्याच ठेवल्या. चाल वर जाते तिथे शब्दाचा सूर खाली असेल तर शब्द मोडतो. खरा देव म्हणताना एझी जर चालीच्या ओढीनं भलत्याच सुरावर गेला, तर भाविक काय ऐकतील? पिढ्यान् पिढ्या लोकांनी श्रद्धेनं ते मनात दुरुस्त करून घेतलं. आपल्याकडे बंदिशीत शब्द ताणला, तोडला, तरी राधा ही राधाच राहते. आम्ही गाणारे ती मोकळीक गृहीत धरतो. इग्बो संगीतकाराला ती नाही. त्याच्या चालीचा अर्धा आराखडा शब्दांनी आधीच काढून ठेवलेला असतो. इग्बो संगीतावर भाषेचा ताबा कसा चालतो, याचा अभ्यास लाझ एक्वूएमे यांनी केला. ते स्वतः संगीतकारही. शब्दांच्या सुरातून निघालेली वृंदगीतं चर्चमध्ये ऐकली की ती चाल कुणी बाहेरून आणून बसवलेली नाही, हे लगेच कळतं.

हायलाइफ या तिथल्या लोकप्रिय संगीतात हे कौशल्य पाहायचं तर ओसिता ओसादेबे ऐकावेत. १९८४ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘ओसॉन्दी ओवेन्दी’नं बाजार दणाणून सोडला होता. ते नावच पाहा. ‘काहींना रुचतं, काहींना डाचतं’ असा त्याचा अर्थ. दोन्ही तुकडे एकाच साच्याचे, मध्ये जेमतेम एक अक्षर फिरतं आणि आवडीचा राग होतो.

आणि बासरी. ओजा ही लाकडाची लहान, आखूड बासरी. मुखवट्यांच्या नाचात वाजवणारा तिच्यावर नाचणाऱ्याचं नाव घेतो, त्याची बिरुदं म्हणतो, पुढचं पाऊल सांगतो. बासरीला व्यंजनं नाहीत, स्वर नाहीत, फक्त सूर आहेत. तरी नाचणारा ओळखतो आणि वळतो. नुसत्या दोन सुरांत शेकडो शब्द बसू शकतात, म्हणून बासरीवाला एकटा शब्द वाजवत नाही. तो ठरलेली लांब बिरुदं वाजवतो, म्हणजे ऐकणाऱ्याला वाट सापडते. मी गायक आहे, मला सूर विकारांची भाषा बोलताना माहीत होता. तो नावानिशी हाक मारतो, हे मला ओजानं दाखवलं.

आता मी पुण्यात असते. शिकायला आलेला एक इग्बो मुलगा आमच्या गल्लीत राहतो, अधूनमधून रियाज ऐकायला येऊन बसतो. तो सांगत होता की फोनवर टिंबं द्यायचा सगळ्यांना कंटाळा, त्यामुळे मेसेजमध्ये शांतता आणि दोर एकच दिसतात. सुरांचा तर प्रश्नच नाही. लागोसमध्ये वाढलेली त्याची भाचरं इग्बो वाचतात पण सूर इंग्रजीचे लावतात. त्याच्या आईनं यावर आपला नियम केला आहे. घरच्या कुठल्याही मुलानं लिहून पाठवलेल्या इग्बो निरोपाला ती उत्तर देत नाही. आवाज रेकॉर्ड करून पाठव म्हणते, आणि सूर चुकला असेल तर तेवढा शब्द स्वतः म्हणून परत पाठवते.