जुन्या कराबिनी आणि त्यांच्या गोळ्यांचे साचे

जुन्या वाड्यांतून व बाजारांतून संग्रहासाठीं जीं हत्यारें येतात त्यांत घोडेस्वारांच्या आंखूड बंदुका, म्हणजे कराबिनी, बऱ्याच असतात. आणि कित्येकदां त्यांच्यासोबत चिमट्यासारखा, दोन दांड्यांचा, गोळ्या ओतण्याचा एक साचा येतो. विकणारा सांगतो कीं साचा त्याच कराबिनीचा आहे. घेणारा तसेंच टिपणांत लिहितो आणि पुढें तें टिपणच पुरावा म्हणून पुढें केलें जातें. मोडी कागदावरील तिथि, शिक्का व वळण ताडून पाहिल्यावांचून जो गृहस्थ एक ओळही खरी मानीत नाहीं, तोच साच्याच्या बाबतींत ऐकीव गोष्टीवर विसंबतो, हें योग्य नव्हे. इंग्रजी फौजेच्या ज्या कराबिनी आपल्याकडे विशेष आढळतात, त्यांस कोणता साचा लागू होतो हें ठरविण्याचे नियम येथें थोडक्यांत मांडण्याचा आमचा हेतु आहे.

पहिली गोष्ट ही कीं, साचा नळीचा नसतो, गोळीचा असतो. नळीचा आंतील व्यास आणि गोळीचा व्यास हे बहुधा सारखे नसतात. त्यांच्यामधील फट किती असावी हें बार कसा भरावयाचा यावरून ठरतें. म्हणून साचा निवडतांना ‘नळी किती इंची?’ इतकेंच न विचारतां ‘ही भरीत कशी?’ हा प्रश्न आधीं विचारावा.

दुसरी गोष्ट अंकांची. साच्यावर एखादा अंक कोरलेला असला कीं तो इंचांचे शतांश दाखवितो असा समज होतो. परंतु जुन्या इंग्रज कारागिरांची रीत निराळी होती. एका पौंड (रत्तल) शिशाच्या जितक्या सारख्या गोल गोळ्या होतील तितका त्या मापाचा अंक. त्या हिशेबानें २० अंकाची गोळी सुमारें ०.६१५ इंचाची व ३५० ग्रेन वजनाची येते. ५४ अंकाची गोळी अवघी ०.४४ इंचाची, हें माप ॲडम्सच्या पिस्तुलांमुळें प्रसिद्ध आहे. उलट अमेरिकेंतील यादवी युद्धांतल्या (१८६१–६५) बर्नसाइड कराबिनीचें माप ५४ असें सांगतात तें इंचाचे शतांश होत. ०.५४ इंचाच्या गोल गोळ्या एका पौंडांत सुमारें तीसच होतात. अंक एकच, पण गोळींत दशांश इंचाचा फरक! तेव्हां अंक वाचण्यापूर्वीं तो कोणत्या देशाच्या रीतीचा आहे हें पाहिलेंच पाहिजे.

आतां प्रकार पाहूं. चकमकीच्या, साध्या नळीच्या कराबिनींत (उदाहरणार्थ १६ इंची नळीची पॅजेट कराबीन) नळी सुमारें ०.६५ ते ०.६६ इंचाची असून गोळी २० अंकाची, म्हणजे ०.६१५ इंचाची असे. ही फट कारागिराची चूक नव्हे. काळी दारू जळतांना नळींत पुष्कळ मळ बसतो. शिवाय गोळी काडतुसाच्या कागदासह ठासावयाची असे. स्वच्छ नळींत घट्ट बसणारी गोळी कांहीं बारांनंतर अर्ध्या वाटेंत अडकते. आणि गोळी दारूवर न टेकतां मध्येंच राहिली असतां नळी फुटण्याचें भय असतें. म्हणून अशा कराबिनीस नळीच्याच मापाचा साचा ‘बरोबर बसतो’ असें कोणी म्हणेल तर तो साचा तिचा नाहीं असेंच समजावें.

१८५३ च्या एन्फील्ड नमुन्यापासून पेचदार खांचांच्या ठासणीच्या बंदुका सर्वत्र झाल्या. १८५६ च्या नमुन्याची स्वारांची कराबीनही त्याच ०.५७७ इंच मापाची. येथें गोळी लांबट व बुडाशीं पोकळ असते. बार उडतांच बूड फुगून खांचांत भरतें. सरकारी गोळी आरंभीं ०.५६८ व पुढें ०.५५० इंचाची होती. उरलेली जागा कागदाच्या वेष्टनानें भरे. वेष्टन न लावतां चरबी-मेणाची गोळी वापरावयाची तर ०.५७५ च्या सुमाराचा साचा लागतो. म्हणजे एकाच नळीस दोन साचे योग्य ठरतात. ते ओळखण्याची खूण अशी कीं, वेष्टनाच्या गोळीच्या बाजू गुळगुळीत असतात, व चरबीच्या गोळीस आडवीं कडीं असतात.

या ठिकाणीं एक मोठा फसवा खड्डा आहे. १८५७ च्या उठावानंतर हिंदी शिपायांच्या हातीं पेचदार बंदुका देऊं नयेत असें धोरण ठरलें, आणि १८५८ व १८५९ च्या नमुन्यांच्या, वरून एन्फील्डसारख्याच दिसणाऱ्या पण आंतून साध्या व सुमारें ०.६५६ इंच नळीच्या बंदुका निघाल्या. बाहेरचें रूप पाहून अशा हत्याराशेजारीं ०.५७७ चा साचा मांडणें म्हणजे त्या धोरणाचा साक्षीदार पुसून टाकणें होय.

१८६६ पासूनच्या स्नायडर पद्धतींत गोळी मागून भरली जाऊं लागली. सरकारी गोळी ०.५७३ इंचाची व ४८० ग्रेनची असून बुडांतील खुंटीमुळें फुगे. १८७१ च्या मार्टिनी-हेन्रीच्या ‘५७७/४५०’ या नांवांत पहिला अंक काडतुसाच्या बुडाचा आहे; गोळी ४५० ची. रायफलीस ४८० ग्रेनची गोळी व ८५ ग्रेन दारू, तर कराबिनीस ४१० ग्रेनची गोळी व ७० ग्रेन दारू असे. या काळांत सरकारी गोळ्या कारखान्यांत यंत्रानें दाबून होत. आपल्याकडेही १८६९ मध्यें पुण्याजवळ खडकी येथें दारूगोळ्याचा कारखाना निघाला. सबब या कराबिनींसोबत आलेला हातसाचा बहुधा खाजगी, पुष्कळदां मागाहून जोडलेला असतो.

प्रत्यक्ष मापतांना प्रथम हत्यार रिकामें आहे याची खात्री करावी. नळींत लांकडी गज टाकून त्याची आंतील लांबी बाहेरील लांबीशीं ताडून पाहावी. कित्येक जुन्या बंदुका भरलेल्याच आढळतात. ठासणीच्या नळीचें तोंड गजाच्या घांसण्यानें मोठें झालेलें असतें, म्हणून चढत्या मापाच्या पितळी खुंट्या थोड्या आंतपर्यंत घालून पाहाव्यात. मागून उघडणाऱ्या नळींतून मऊ शिशाची तेल लावलेली गोळी सांवकाश ढकलून तिच्यावर ठसा घ्यावा. एन्फील्डास तीन व मार्टिनीस सात खांचा आहेत. विषम खांचांच्या ठशाच्या समोरासमोर उंचवटा व खोलगा येतात, त्यामुळें माप कमी भरतें. ठशाभोंवतीं पातळ पट्टी घट्ट गुंडाळून मापावें व पट्टीची दुप्पट जाडी वजा करावी. साच्याचा खळगा मापण्यास त्यांत शिसें ओतूं नये. दंतवैद्य ठशासाठीं जें रबरी द्रव्य वापरतात तें पुरे होतें.

नवा साचा घ्यावयाचा असल्यास नियम असा: साध्या नळीस फट ठेवणारा, एन्फील्डास पोकळ बुडाचा, गोळी नळींत सहज उतरेल असा, व शिसें शुद्ध आणि मऊ, मागून भरावयाच्या कराबिनीस घन गोळी असल्यास खांचांच्या तळाइतका किंवा किंचित् मोठा. मात्र बार काढण्यापूर्वीं जाणत्या कारागिराची तपासणी हवी. चालू शकणारें किंवा दुरुस्तीनें चालू होणारें हत्यार केवळ जुनें म्हणून १९५९ च्या शस्त्र अधिनियमांतून सुटत नाहीं, हेंही ध्यानीं ठेवावें.

जुना साचा मात्र खरवडून मोठा करूं नये. लेखांतील अक्षर खोडून दुसरें लिहिण्याइतकाच तो अपराध आहे. साचा जुळला नाहीं तर ‘सोबत आला, जुळत नाहीं’ असें स्पष्ट लिहावें, आणि खळग्याचें माप, गोळीचें वजन व कोरलेला अंक नोंदवावा. वजन तोळ्यांतही द्यावें: १८३३ नंतरचा सरकारी तोळा १८० ग्रेनचा, म्हणून २० अंकाची गोळी दोन तोळ्यांहून किंचित् कमी भरते. दफ्तरांतील एखाद्या यादींत गोळ्यांची संख्या व शिशाचें वजन शेजारीं शेजारीं सांपडलें, तर अशाच नोंदींवरून ती यादी कोणत्या हत्याराची हें ओळखतां येईल. न जुळलेला साचाही मग निरर्थक राहत नाहीं. त्याची खरी कराबीन दुसऱ्या एखाद्या संग्रहांत असेल.