पोटाची दुर्बीण : तोंडातून की नाकातून?

मागच्या महिन्यात आमच्या थोरल्या जाऊबाईंना डॉक्टरांनी पोटाची दुर्बीण करायला सांगितली. बाई तिथून निघाल्या त्या थेट घरी. म्हणाल्या, "घशात नळी घालून घेण्यापेक्षा दुखणं परवडलं."

गुडघ्यांसाठी रोज दुखण्याची गोळी, त्यानं पोटात जळजळ, मग जळजळीवर पुडी, असं वर्षभर चाललं होतं. आता संडासला डांबरासारखं काळं होऊ लागलं. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळपट होतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पण चिकट, उग्र वासाचं काळं म्हणजे आत रक्त जात असू शकतं. तसं झालं, किंवा रक्ताची उलटी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. घास अडकत असेल, काही न करता वजन उतरत असेल, तरी तपासणी टाळू नका.

मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, नक्की भीती कशाची? त्या म्हणाल्या, "ओकारीची. जीव गुदमरेल."

खरं सांगायचं तर ओकारी येतेच. नेहमीची दुर्बीण बोटाएवढी, साधारण 9 ते 10 मिलिमीटर जाड असते. ती तोंडातून जाताना जिभेच्या मुळाला लागते, म्हणून उबळ येते. पण श्वासाची वाट वेगळी असते, ती मोकळीच राहते. घशात बधिर करणारा फवारा मारतात, डाव्या कुशीवर निजवतात. नुसतं बघायचं असेल तर पाच-दहा मिनिटांत काम होतं. हवं तर गुंगीचं इंजेक्शनही मिळतं. मग बहुतेकींना नंतर फारसं आठवतही नाही. मात्र सोबत माणूस लागतं, आणि तो दिवस गाडी, विळी, चूल यांपासून लांब राहायचं. घरी हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर आल्या आल्या भाकऱ्या थापायला बसवतील.

दुसरी वाट नाकातून. ही दुर्बीण 5 ते 6 मिलिमीटरची, बारीक. ती जिभेच्या मुळाला फारशी लागत नाही, म्हणून ओकारी कमी. गुंगी सहसा लागत नाही, तपासणी चालू असताना बोलता येतं, "थांबा" म्हणता येतं. मला हे फार मोलाचं वाटतं. जपानमध्ये ही पद्धत बरीच रुळली आहे. दोन्ही प्रकार अनुभवलेले पुष्कळ लोक पुढच्या वेळी नाकातूनच करा म्हणतात.

पण सगळ्यांना ती मानवत नाही. नाकपुडी अरुंद असली तर दुखतं, कधी नळी जातच नाही आणि तोंडातूनच करावी लागते. बायकांच्या बाबतीत हे जास्त घडतं. काहींच्या नाकातून थोडं रक्त येतं, ते बहुधा आपोआप थांबतं. घोळणा वारंवार फुटत असेल, नाकाचं हाड वाकडं असेल, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा. ती गोळी मनानं बंद करू नका. शिवाय बारीक नळीतून अवजारंही बारीकच जातात. तपासायला तुकडा घेता येतो, पण लहान. रक्तस्राव थांबवायचा असेल तर जाड दुर्बीणच लागते. आणि नाकातली सोय सगळीकडे नसते. विचारावं लागतं.

जाऊबाईंनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, रक्त जात असेल तर आतच उपचार करावा लागेल, तोंडातूनच बरं. बाईंनी गुंगी मागून घेतली. सहा-आठ तास उपाशी, कवळी काढून ठेवलेली, सोबत मी. बाहेर आल्यावर पहिला प्रश्न, "झालं का?" दुसरा, "चहा?" घशाचा बधिरपणा जाईपर्यंत चहा नाही, ठसका लागतो. तासभर त्या माझ्यावर रुसून बसल्या.

जठरात जखम निघाली, दुखण्याच्या गोळ्यांनी झालेली. जंतूंच्या तपासणीसाठी तुकडाही घेतला. तुकडा घेतला म्हणजे कॅन्सर असं नसतं, हे त्यांना तीनदा सांगावं लागलं. ती गोळी आता बंद आहे, जखमेचं औषध चालू आहे, आणि गुडघ्यांना सकाळ-संध्याकाळ शेक.