संगत आणि मदतीचा हात

आपल्या वाडीतला मुलगा आठवी-नववीला गेला की आई बजावते, "संगत बघून धर रे!" तिच्या मनात भीती असते ती विडी-तंबाखूची, अभ्यास बुडवण्याची. पण वाईट सवय जशी मित्राकडून लागते तशी चांगलीही लागते, हे आपण सहसा बोलत नाही.

भगवान बुद्धांनी ते स्पष्ट सांगितले आहे. भिक्खू आनंद एकदा म्हणाले की, कल्याणमित्र लाभणे म्हणजे श्रेष्ठ जीवनाचा अर्धा भाग होय. त्यावर तथागत म्हणाले, अर्धा नव्हे, संपूर्ण. सिगालोवाद सुत्तात खऱ्या मित्राचे चार प्रकार येतात : उपकार करणारा, सुखदुःखात सारखा राहणारा, हिताचे सांगणारा आणि अनुकंपा बाळगणारा. हा उपदेश सिगाल नावाच्या एका तरुण गृहपतिपुत्राला केलेला आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

आजचे मानसशास्त्रही याच वाटेवर आहे. नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाच्या संशोधकांनी 12 ते 16 वर्षांच्या मुलामुलींवर केलेला एक प्रयोग 2016 साली प्रसिद्ध झाला. एका खेळात मिळालेल्या वाट्यापैकी स्वतःकडे किती ठेवायचे आणि गटासाठी किती द्यायचे, हे प्रत्येकाने ठरवायचे होते. समवयस्क आपला खेळ बघत आहेत, असे त्यांना सांगितले होते. देण्याला बघणाऱ्यांची पसंती मिळाली, तिथे मुले अधिक देऊ लागली. राखून ठेवण्याला पसंती मिळाली, तिथे हात आखडला. मुले दोन्हीकडे सारख्याच वयाची. फरक होता तो शाबासकीचा. या वयात बरोबरीच्यांच्या नजरेत आपण कसे दिसतो, याला फार मोल असते. वडिलांचा तासभराचा उपदेश त्यापुढे टिकत नाही. (आपणही त्या वयात कुठे ऐकत होतो?)

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. पूर ओसरल्यावर घराघरांत, दुकानांत चिखल साचला होता. तो उपसायला तरुण मुले आली ती एकटीदुकटी नव्हे, गटागटाने. नाक्यावर उभे राहिले की ज्याला आपण 'टोळके' म्हणून नाक मुरडतो, तेच टोळके फावडे घेऊन उभे होते.

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालते, तेव्हा हेच लहान प्रमाणात दिसते. सतरंजी झाडायला एकट्या मुलाला सांगितले तर तो लाजतो, इकडेतिकडे बघतो. दोस्ताने दुसरे टोक धरले की लाज जाते आणि दोघे मिळून खिरीची पातेलीही घासून ठेवतात. म्हणून कामे वाटताना कार्यकर्त्यांनी एकाऐवजी दोघा मित्रांची नावे लिहावीत. त्यातला एक वरच्या वर्गातला असावा, आणि पहिली शाबासकी त्यानेच द्यावी.