गौरीजेवणाच्या पंगतीत चार घास

गौरी जेवतात त्या दिवशी आमच्या विश्रामबाग भागात एकेका घराला दोन-तीन ठिकाणची आमंत्रणं असतात. माझ्या धाकट्या जावेचं वजन कमी करायचं ऑपरेशन, 'स्लीव्ह', झालं त्या वर्षी तिला ऑपरेशनपेक्षा या पंगतीची धास्ती जास्त होती. घरातल्या तिघांखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. पानावर तिने हात आडवा धरला, तरी वाढणाऱ्या मावशींनी तो बाजूला सारून दुसरी पुरणपोळी वाढलीच, वर तुपाची धार.

"एवढी बारीक झालीस, आता खायला काय हरकत आहे?" हरकत जागेची आहे. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढतात. सुरुवातीला उरलेल्या नळीत १०० ते १५० मिलिलिटर, म्हणजे आमटीच्या वाटीएवढंच मावतं. चार घास जास्त झाले की छातीत दाटतं, तोंडाला पाणी सुटतं, उलटी होते.

सगळ्यात पक्का समज गुळाचा. साखर नको, पण गुळाचं पुरण चालतं म्हणे! गूळ ही मुख्यतः साखरच. विशेषतः जठराचा बायपास (वजन कमी करायच्या ऑपरेशनचा दुसरा प्रकार) झालेल्यांमध्ये गोड पदार्थ झपाट्याने लहान आतड्यात उतरतो आणि अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब. याला डम्पिंग म्हणतात. काहींची रक्तातली साखर एक ते तीन तासांनी एकदम उतरते, हातपाय थरथरतात. स्लीव्हनंतर हा त्रास कमी आढळतो, पण आढळतो. म्हणून पोळी जन्मभर बंद, असंही नाही. पहिले दीड-दोन महिने पातळ आणि मऊ आहाराचे असतात. ते सरल्यावर आहारतज्ज्ञांनी होकार दिला, तर शेवटी एखादा घास चाखावा. आधी मटकीची उसळ, पनीर, दही. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात आणि जागा तर वाटीभर!

घास अडकला की "पाणी पी, उतरेल" म्हणतात, तेही चूक. जेवताना पाणी नको, नंतरही अर्धा तास नको. उपवासाचं हलकं असतं, हा समजही सोडावा. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. हरितालिकेचा निर्जळी उपवास तर नकोच, कारण राहिलेलं पाणी नंतर घटाघटा पिता येत नाही.

न सांगणं म्हणजे फसवणं, हे मला मुळीच मान्य नाही. २०११ मध्ये नितीन गडकरींनी वजन कमी करायची शस्त्रक्रिया करून घेतली, त्याच्या बातम्या झाल्या. ते सार्वजनिक जीवनातले. घरच्या सुनेच्या पोटाचा हिशेब पंगतीला कशाला? मात्र घरातल्या एकाला तरी माहीत हवं, आणि औषध देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला सांगायलाच हवं. बायपासनंतर आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी अल्सर होऊ शकतो.

बाकीच्यांसाठी आपल्याकडे एक चांगला शब्द आहे, 'पथ्य'. "पथ्य आहे हो, मावशी" म्हटलं की पुढचं कुणी फारसं विचारत नाही.

गेल्या गौरींना जाऊ स्वतःच वाढायला उभी राहिली. शेवटच्या पंगतीत वाटीभर उसळ घेऊन बसली, एकेक घास सावकाश चावत. मावशींनी आग्रह सुरू करताच तिने डबा पुढे केला. त्यात दोन पोळ्या आल्या, रात्री पुतण्याने दुधाबरोबर खाल्ल्या.