प्लगइनसोबतचे लिखाण

वर्डप्रेस ही संकेतस्थळे चालवणारी मुक्तस्रोत प्रणाली २००३ साली मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी सुरू केली. पुढच्याच वर्षी आलेल्या १.२ या आवृत्तीपासून तिला प्लगइन जोडण्याची सोय झाली. प्लगइन म्हणजे मूळ प्रणालीला हात न लावता तिच्यात नवी सोय घालणारा प्रोग्रॅम: संपर्काचा फॉर्म, छायाचित्रांचे दालन, ऑनलाइन विक्री. अधिकृत संग्रहात अशी पन्नास हजारांहून अधिक प्लगइन्स आहेत. ती बसवणाऱ्या बहुतेकांना कोड वाचता येत नाही. अनोळखी माणसाचा कोड आपल्या संकेतस्थळावर घ्यायचा की नाही, हे त्यांना मुख्यतः सोबतच्या लिखाणावरूनच ठरवावे लागते.

हे लिखाण ‘रीडमी’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत असते आणि संग्रहातले प्लगइनचे पान तिच्यातूनच तयार होते. सुरुवातीच्या ओळींत परवाना, लागणारी वर्डप्रेस आणि पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेची किमान आवृत्ती अशी माहिती येते. त्याखाली १५० अक्षरांच्या आतला परिचय. यातली सर्वांत बोलकी ओळ म्हणजे प्लगइन वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासले आहे, ही. अलीकडच्या तीन मोठ्या आवृत्त्यांवर तपासल्याची नोंद नसेल, तर पानावर ठळक इशारा येतो. उत्तम चालणारे प्लगइनही मग वाऱ्यावर सोडल्यासारखे दिसते. काही लेखक न तपासताच आकडा वाढवून मोकळे होतात. ही वाचकाची सरळ फसवणूक आहे. वापरकर्त्यांना कोणती आवृत्ती द्यायची हे सांगणारी स्थिर आवृत्तीची ओळही अशीच नाजूक. तिथला जुना आकडा बदलायचा राहिला, तर महिनाभर खपून केलेली सुधारणा वापरकर्त्यांपर्यंत पोहोचतच नाही.

वर्णनात सोयींची लांबलचक यादी देण्याची सवय फार आहे. वाचकाला आधी हवे असते ते वेगळेच: आपली अडचण यातून सुटेल का? प्लगइन काय करत नाही, हे दोन वाक्यांत सांगितले तर त्याचा वेळ वाचतो आणि लेखकाकडे येणाऱ्या तक्रारीही कमी होतात. बसवण्याच्या सूचना पुष्कळदा नमुना फाइलीतून जशाच्या तशा उचललेल्या असतात: अमुक फोल्डर सर्व्हरवर चढवा, मग प्लगइन सुरू करा. प्रत्यक्षात हे काम एका बटणावर होते. खरी अडचण त्यानंतर येते. सेटिंग्ज कुठे सापडतील, आधी काय भरायचे, प्लगइन फॉर्मचे असेल तर फॉर्म पानावर कसा आणायचा, हे सूचनांत हवे. प्रश्नोत्तरांचा भागही लोक खरोखर विचारतात त्या प्रश्नांवरच बेतलेला असावा. प्रश्नाच्या रूपातली जाहिरात तिथे शोभत नाही.

माहिती बाहेर जात असेल, तर लिखाणाची जबाबदारी आणखी वाढते. टिप्पण्यांतला स्पॅम ओळखणारे अकिस्मेट टिप्पण्या तपासणीसाठी बाहेरच्या सर्व्हरकडे पाठवते. त्याचे कामच तसे आहे. अशी बाह्य सेवा वापरली तर रीडमीत ती स्पष्ट लिहावी, असा संग्रहाचा नियम आहे. वापरकर्त्यांची माहिती त्यांच्या संमतीशिवाय गोळा करता येत नाही आणि ती कशी गोळा होते, कशी वापरली जाते, हेही सांगावे लागते. हा मजकूर कितीही रुक्ष वाटला तरी त्यात हयगय चालत नाही. संकेतस्थळावर येणाऱ्या माणसाला प्लगइनचा पत्ताही नसतो. त्याच्या वतीने संकेतस्थळाचा चालकच हे वाचणार असतो.

आवृत्तीनिहाय बदलांच्या नोंदीत ‘किरकोळ सुधारणा’ एवढेच लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. ‘फाइल जोडल्यावर फॉर्म दोनदा जात होता, ते थांबवले’ असे लिहिले, की तोच त्रास भोगणाऱ्याला अपडेट कशासाठी घ्यायचे ते कळते.

प्लगइनमध्ये भर घालू पाहणाऱ्या प्रोग्रॅमरसाठीचे लिखाण कोडातच असते. हुक, म्हणजे बाहेरचा कोड जोडण्याची जागा, कोणत्या आवृत्तीत आला आणि त्याला कोणती मूल्ये मिळतात, हे त्याच्या वरच्या टिपेत लिहितात. वर्डप्रेसच्या मूळ कोडाचा संदर्भकोश अशाच टिपांतून तयार होतो.

रीडमीचा अनुवादही स्वयंसेवक करतात आणि मराठी वर्डप्रेसच्या संग्रहात तो दिसतो. जेवढ्याचा अनुवाद झाला नसेल तेवढा मजकूर इंग्रजीतच राहतो. अनुवादासाठी मजकुराचे लहान तुकडे पडतात. मूळ तुकडा बदलला की त्याचा अनुवाद पुन्हा तपासावा लागतो. म्हणून जाणते लेखक वाक्ये छोटी ठेवतात आणि केवळ शब्द सजवण्यासाठी जुन्या मजकुराला हात लावत नाहीत.